ब्रेडपासून सुरुवात कशाला केलीत?

ताई,
दोन महिन्यांपूर्वी मला सीलिएक असल्याचं निदान झालं. डॉक्टरांनी गहू कायमचा बंद सांगितला. घरी येताना दुकानात 'ग्लूटेन-फ्री' लिहिलेलं जे जे दिसलं ते सगळं उचललं: ब्रेड, पास्ता, दोन प्रकारची बिस्किटं, केकचं तयार मिश्रण, पिझ्झाचा बेस. ब्रेड भुशासारखा निघाला, घास तोंडातच फुटत राहतो. पास्त्याचा लगदा झाला. बिस्किटं त्यातल्या त्यात बरी होती, तर ती खाऊन पोट फुगलं. मला एकटं वाटू नये म्हणून बायको आणि नऊ वर्षांची मुलगीही हेच खातायत. पाकिटं महाग, चव ही अशी. काही पाकिटांवर 'गव्हाचा अंश असू शकतो' असं असतं, ती चालतात का? यातली कोणती आणावीत, कोणती नाही? आणि खरं विचारायचं ते हे: पंधरा दिवसांतून एकदा खरा ब्रेड खाल्ला तर एवढं काय बिघडेल?
– भुसा खाऊन कंटाळलेला

प्रिय कंटाळलेले,

शेवटचा प्रश्न आधी घेते. त्याचं उत्तर पक्कं झाल्याशिवाय बाकीच्या चर्चेला अर्थ नाही. पंधरा दिवसांतून एकदाही चालणार नाही. महिन्यातून एकदाही नाही.

कारण सांगते. इटलीतल्या संशोधकांनी सीलिएक असलेल्या आणि पथ्य नीट पाळणाऱ्या माणसांना रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन, म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांतली प्रथिनं, कॅप्सूलमधून दिलं. तीन महिन्यांत त्यांच्या आतड्याच्या अस्तरात बिघाड दिसला. हा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. आता तुमच्या 'खऱ्या' ब्रेडचा एक काप घ्या. त्यात साधारण 2 ग्रॅम, म्हणजे 2000 मिलिग्रॅम ग्लूटेन असतं. वरचे 50 मिलिग्रॅम म्हणजे त्या कापाचा चाळिसावा भाग, ताटलीत सांडलेला चुरा. एखाद्या वेळी खाऊन काहीच जाणवलं नाही, तरी त्यावर जाऊ नका. सीलिएकमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा ग्लूटेन पाहून स्वतःच्याच आतड्यावर उलटते, आणि हे काम पोटात न दुखताही चालू राहतं. पुष्कळांचं निदान तर नुसत्या रक्ताच्या कमतरतेवरून किंवा हाडं ठिसूळ झाल्यावरून होतं. पोटाची तक्रार त्यांना कधी नव्हतीच.

हा विषय इथे मिटला. आता तुमच्या पिशवीकडे वळू.

तुम्ही नेमकी सगळ्यात अवघड वस्तू आधी उचललीत आणि तिच्यावरून बाकी सगळ्यांना नापास केलंत. नवीन निदान झालेली बहुतेक माणसं हेच करतात. सवय ब्रेडची, म्हणून शोधही आधी ब्रेडचाच. पाकिटं विकत घेताना मी एकच आडाखा वापरायला सांगते: मूळ पदार्थात ग्लूटेनला जितकं काम जास्त, तितकं त्याचं ग्लूटेन-फ्री रूप फसण्याची शक्यता जास्त.

ब्रेडमध्ये ते काम किती असतं बघा. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळलं की ग्लायडिन आणि ग्लूटेनिन ही दोन प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि ताणलं तरी न तुटणारी ग्लूटेनची जाळी तयार होते. यीस्टने सोडलेला वायू त्या जाळीत अडकतो, पीठ फुगतं, भट्टीत गेल्यावर जाळी त्याच आकारात घट्ट होते. ब्रेडचा जाळीदार गाभा, दाताखालचा चिवटपणा, काप वाकवला तरी न मोडणं, हे सगळं या जाळीचं देणं. ती काढून टाकल्यावर उरतात तांदळाचं पीठ, मक्याचा स्टार्च, बटाट्याचा स्टार्च, टॅपिओका. यांपैकी कोणालाच वायू धरून ठेवता येत नाही. म्हणून कारखानदार झँथन गम, ग्वार गम, इसबगोल, अंड्याचा पांढरा बलक, सेल्युलोजपासून केलेले चिकट पदार्थ असं काय काय घालून काम चालवतात. ग्लूटेन-फ्री ब्रेडचं पीठ बहुतेकदा मळताच येत नाही. ते भजीच्या पिठाहून जरा घट्ट असतं आणि सरळ साच्यात ओततात. एवढ्या खटपटीनंतर जे बाहेर येतं त्याला ब्रेड म्हणायचं ते आकारावरून. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय.

बिस्किटाचं उलट असतं. खुसखुशीत बिस्कीट करणाऱ्याला ग्लूटेन नकोच असतं. तो मुद्दाम तूप-लोणी जास्त घालतो आणि पीठ कमीत कमी मळतो, जाळी तयार होऊ नये म्हणून. त्यामुळे गहू काढून टाकला तरी बिस्किटाचं फारसं अडत नाही. 'त्यातल्या त्यात बरी' हा तुमचा शेरा म्हणजे नशिबाचा भाग नव्हता. कुकीज, पातळ कुरकुरीत क्रॅकर, अंड्यावर उभे राहणारे केक, बदामाच्या किंवा मक्याच्या पिठाचे पदार्थ, तांदळाचे फुलवलेले चपटे केक, हे सगळे याच बाजूचे. पास्ता मधला. पिझ्झाचा बेस, पदर सुटणारे पदार्थ आणि ब्रेड सगळ्यात शेवटी.

म्हणून पुढचे दोन-तीन महिने ब्रेडचं नावच काढू नका. गव्हाच्या ब्रेडची चव तोंडात ताजी असेपर्यंत कोणताही पर्याय नापासच होणार. तुलना थांबली की तोच ब्रेड खाववतो. चव बदलली असं मी म्हणत नाही, अपेक्षा बदललेली असते. घरात गव्हाचा ब्रेड येत असेल तर निदान एकाच जेवणात दोन्ही टेबलावर ठेवू नका. शेजारी ठेवून चाखण्याचा मोह सगळ्यांना होतो, आणि त्यातून फक्त चिडचिड हाती लागते.

आता पाकीट वाचण्याबद्दल. यावर जरा थांबते, कारण तुमच्या पत्रातली खरी काळजीची जागा मला इथे दिसते.

दुकानात पाकीट हातात घेतलं की आधी पुढची बाजू. तिथे 'ग्लूटेन-फ्री' हेच शब्द हवेत. 'गहूमुक्त', 'मल्टिग्रेन', 'नैसर्गिक', 'पचायला हलका' यांतलं काहीही त्याची जागा घेऊ शकत नाही. गहूमुक्त पदार्थात बार्ली म्हणजे जव असू शकतं, राय असू शकतं, आणि तुम्हाला दोन्ही तितकीच घातक आहेत. ग्लूटेन-फ्री या शब्दाला मात्र बऱ्याच देशांत कायद्याचं बंधन आहे. अन्नपदार्थांचे आंतरराष्ट्रीय निकष ठरवणाऱ्या कोडेक्स आयोगाने 2008 साली आपला निकष सुधारला आणि दर किलोमागे जास्तीत जास्त 20 मिलिग्रॅम ग्लूटेन ही मर्यादा घातली. युरोप आणि अमेरिकेतले नियमही याच आकड्यावर आहेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड त्याहून कडक. तिथे चाचणीत ग्लूटेन सापडताच कामा नये.

म्हणजे 'फ्री' लिहिलं तरी शून्य नाही? बरोबर, शून्याची हमी नाही. पण हिशोब करून बघा. मर्यादेच्या अगदी काठावरचा ब्रेड धरला आणि दिवसभरात 100 ग्रॅम खाल्ला, तरी पोटात गेलं 2 मिलिग्रॅम. वर सांगितलेल्या 50 च्या जवळपासही नाही. सीलिएक असलेल्या बहुतेकांना एवढं झेपतं, म्हणून तर ती मर्यादा तिथे आहे. काही प्रमाणपत्रं आणखी पुढे जातात. जीएफसीओ या संस्थेच्या खुणेसाठी मर्यादा 10 मिलिग्रॅम आहे. युरोपात गव्हाच्या लोंबीवर काट मारलेली खूण बरीच ओळखीची आहे. अशी एखादी खूण दिसली तर माझा कल त्या पाकिटाकडे, कारण बाहेरच्या कोणीतरी कारखान्यात जाऊन पाहिलेलं असतं.

मग पाकीट उलटं करायचं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिली तीन नावं म्हणजे जवळपास सगळा पदार्थ. तिथे तांदळाचं पीठ, मक्याचा स्टार्च, साखर एवढंच दिसलं तर काय खाताय हे कळलंच. त्यापेक्षा एखाद्या डाळीचं पीठ, राजगिरा, किनोआ, बकव्हीट असं काही पहिल्या तिघांत असलेलं पाकीट चवीलाही बरं लागतं आणि पोटालाही. बकव्हीट आणि गहू यांचं काही नातं नाही, ते बिनधास्त घ्या.

'ग्लूटेन-फ्री' असा दावा नसलेल्या पाकिटावर डोळे जास्त उघडे हवेत. गहू तर कोणीही शोधेल. रवा, कुसकुस, बल्गर, स्पेल्ट, ट्रिटिकेली, सेइतान ही त्याचीच मंडळी. त्याहून सराईत चोर म्हणजे माल्ट. मक्याच्या कॉर्नफ्लेक्समध्ये मका असतो हे खरं, पण चवीला माल्ट अर्क घातलेला असतो आणि तो बार्लीचा असतो. नेहमीच्या सोया सॉसमध्ये गहू असतो. सूपचे क्यूब, तयार ग्रेव्ही, सॉसेज, मसाला लावलेले चिप्स यांत पीठ भर म्हणून किंवा चिकटण्यासाठी घातलेलं असतं. हे सगळे पदार्थ गव्हाचे नाहीत, पण गव्हाशिवाय होतात असंही नाही.

कधीकधी उलटाही गोंधळ होतो. पाकिटावर ठळक 'ग्लूटेन-फ्री', आणि मागे घटकांत 'गव्हाचा स्टार्च'! घाबरू नका. स्टार्च धुऊन त्यातलं ग्लूटेन 20 च्या मर्यादेखाली आणता येतं, आणि तसा स्टार्च वापरायला परवानगी आहे. काही चांगले ब्रेड त्याच्याच जोरावर मऊ होतात. मात्र ज्यांना गव्हाची ॲलर्जी आहे, म्हणजे वेगळाच आजार, त्यांनी ते पाकीट खाली ठेवावं. गव्हापासून केलेलं ग्लुकोज सिरप आणि माल्टोडेक्स्ट्रिनही चालतं. ते इतकं शुद्ध झालेलं असतं की त्यात ग्लूटेन नाममात्रही उरत नाही. नावात 'माल्ट' आहे म्हणून माल्टोडेक्स्ट्रिनला घाबरणारी माणसं मी पाहिली आहेत, त्यात अर्थ नाही.

आता 'अंश असू शकतो'. ही सूचना बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक असते. म्हणजे एखाद्या कंपनीने लिहिली म्हणून तिचा माल जास्त मिसळलेला आणि दुसरीने लिहिली नाही म्हणून तिचा शुद्ध, असं काही नाही. कदाचित लिहिणारी कंपनीच जास्त प्रामाणिक असेल. मी असं ठरवते: पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' नाही आणि 'गव्हाचा अंश असू शकतो' आहे, तर ते सोडून द्यायचं, जास्त विचार करायचा नाही. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' आहे आणि बारीक अक्षरात 'या कारखान्यात गहूही हाताळला जातो' असं आहे, तर घ्यायला हरकत नाही, कारण दावा केला की 20 ची मर्यादा त्या मालाला लागू होतेच. दोन्हीपैकी काहीच लिहिलेलं नसेल तर पदार्थ कोणता यावर जातं. साखर, तेल, मीठ, साधं दूध यांवर 'ग्लूटेन-फ्री' शोधत बसू नका. असेल तर ती जाहिरात समजा. पण पिठं आणि दळलेली धान्यं यांच्याबाबतीत तो शब्द हवाच. तांदळात किंवा मक्यात ग्लूटेन नसतं, पण त्यांचं पीठ ज्या चक्कीतून निघतं तिथेच आधी गहू दळला गेला असेल तर पीठ गेलंच कामातून.

ओट्सचं प्रकरण थोडं निराळं आहे. ओट्समधलं प्रथिन गव्हापेक्षा वेगळं, आणि बहुतेकांना ते चालतं. पण शेतात, मळणीत, वाहतुकीत त्यात गहू-बार्ली इतकी मिसळते की साधे ओट्स तुम्ही हात लावण्यालायक नाहीत. ग्लूटेन-फ्री लिहिलेलेच हवेत. शिवाय थोड्या लोकांना शुद्ध ओट्सचाही त्रास होतो. ऑस्ट्रेलियात तर ओट्सना ग्लूटेन-फ्री म्हणायलाच परवानगी नाही. तुमचं आतडं अजून भरून येतंय, तेव्हा सध्या ओट्सला सुट्टी द्या आणि पुढच्या तपासणीनंतर डॉक्टरांशी बोलून सुरू करा. 'ग्लूटेन-फ्री' ग्रॅनोला, बार, कुकीज यांत ओट्स हमखास असतात, म्हणून हे आत्ताच सांगून ठेवते.

पोट फुगलं त्याबद्दल. तुमच्या मनात आलं असेल की बिस्किटांत ग्लूटेन होतं. असेलही, पण माझा पहिला संशय दुधाच्या पावडरीवर आहे. सीलिएकमध्ये आतड्याच्या ज्या बारीक लवांची झीज होते, त्यांच्याच टोकांवर दुधातली साखर पचवणारं विकर तयार होतं. लवा झिजल्या की तेही कमी पडतं आणि दूध बाधायला लागतं. पथ्य सांभाळलं की बहुतेकांचं हे काही महिन्यांत सुधारतं. तोवर बिस्कीट, केक, चॉकलेट, ब्रेड यांतली दूधभुकटी किंवा व्हे पावडर गपचूप त्रास देत राहते. दुसरा संशय तंतू वाढवण्यासाठी घातलेल्या इन्युलिनवर, तिसरा डिंकांवर, चौथा 'शुगर-फ्री' बिस्किटांतल्या सॉर्बिटॉल, माल्टिटॉलसारख्या गोडव्यांवर. ग्लूटेन नसलेले पदार्थ पोटाला हलके असतात हा निव्वळ समज आहे.

यावर उपाय सोपा, पण त्याला धीर लागतो. एका वेळी एकच नवीन पाकीट. तेही उपलब्ध असेल त्यातलं सगळ्यात लहान. दोन-तीन दिवस थोडं थोडं खाऊन बघायचं, बाकी जेवण नेहमीचं ठेवायचं. पोट ठीक राहिलं तर पुढचं पाकीट. तुम्ही एकदम सहा नव्या वस्तू घरात आणल्यात, आता कोणी पोट फुगवलं हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. नव्याचा उत्साह समजू शकते, पण याला तपास म्हणत नाहीत.

पास्त्याचा लगदा झाला, तो बहुधा गव्हाच्या पास्त्यासारखा शिजवला म्हणून. मका-तांदळाच्या पास्त्यात आकार धरून ठेवणारी ती जाळी नसते. स्टार्च पाण्यात सुटत जातो आणि शेवटी सगळं एकत्र चिकटतं. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, चांगली उकळी, मीठ. पास्ता टाकल्यावर पहिली एक-दोन मिनिटं सतत हलवा, तेव्हाच तो एकमेकांना चिकटतो. पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधीपासून एकेक तुकडा चावून बघायला लागा. आत किंचित कडक असतानाच उपसा आणि लगेच गरम सॉसमध्ये घाला. तयार होणं आणि बिघडणं यांत मिनिटभराचंच अंतर असतं. उरवून दुसऱ्या दिवशी खायचा विचार करू नका, गार झाल्यावर तो कडक होऊन तुटतो. निवडायचा असेल तर मका आणि तांदूळ एकत्र असलेला आधी घ्या. मसूर किंवा चण्याच्या पिठाच्या पास्त्यात प्रथिनं आणि तंतू चांगले असतात, पण चव डाळीचीच लागते. ती चालत असेल तर उत्तम.

केकच्या मिश्रणात मला सर्वांत कमी धोका वाटतो. तरी दोन गोष्टी करा. पाणी-अंडी घालून फेटल्यावर वीसेक मिनिटं तसंच राहू द्या, म्हणजे पिठाचे कण पाणी शोषतील आणि खाताना दाताखाली रवाळ लागणार नाहीत. आणि भाजून निघाल्यावर पूर्ण गार होईपर्यंत सुरी लावू नका. गरम असताना आतला स्टार्च बसलेला नसतो; कापलात तर चिकट, कच्चा वाटेल आणि तुम्ही पुन्हा भट्टीत ढकलून वाळवून टाकाल.

ब्रेड कधी ना कधी आणालच, म्हणून त्याचंही सांगते. तो फ्रिजमध्ये ठेवायचा नाही. ब्रेड शिळा होतो तो स्टार्चची रचना पुन्हा घट्ट होत गेल्यामुळे, आणि फ्रिजच्या तापमानाला हे सगळ्यात झपाट्याने होतं. पाकीट फोडल्या दिवशीच काप सुटे करून फ्रीजरमध्ये टाका आणि लागेल तसा एकेक काप थेट टोस्ट करा. हा ब्रेड टोस्ट करूनच खायचा असतो. उष्णतेने स्टार्च पुन्हा सैल होतो, बाहेरून कुरकुरीत होतो, घास तोंडात विरतो. मऊ सँडविचचा हट्ट सोडा. काप लहान आणि छिद्रं मोठी दिसतील, वरून लोणी गळेल. असू द्या.

पण टोस्टर कोणता? गव्हाचे काप भाजलेला टोस्टर तुम्ही वापरू नका. त्याच्या तळाशी आणि तारांना चिकटलेला चुरा धुऊन निघत नाही. स्वतःचा वेगळा ठेवा, किंवा तव्यावर नाहीतर ओव्हनमध्ये स्वच्छ कागदावर भाजा. लोण्याची आणि जॅमची बाटलीही वेगळी. गव्हाच्या टोस्टवरून फिरलेली सुरी परत बाटलीत गेली की चुरा आत. पिठाची चाळण, लाकडी पोळपाट-लाटणं, चिरा पडलेली लाकडी फळी यांचंही तेच. एवढी महाग पाकिटं आणून त्याच सुरीने लोणी लावायचं म्हणजे सगळं मुसळ केरात.

पाकिटांच्या पोषणाबद्दल थोडंच सांगते. गव्हाचं पीठ अनेक देशांत लोह आणि फॉलिक ॲसिड घालून विकतात. ग्लूटेन-फ्री पिठांत बहुधा घालत नाहीत. प्रथिनं आणि तंतू कमी, साखर आणि चरबी कधीकधी जास्त. ज्याचं आतडं आधीच लोह नीट शोषत नव्हतं, त्याने मुख्य जेवण पाकिटावर काढणं म्हणजे आगीतून फुफाट्यात. रोजचा आधार तांदूळ, मका, कडधान्यं, बटाटे, भाज्या, फळं, अंडी, मासे, दाणे, म्हणजे ज्यात मुळात ग्लूटेन नाही तेच असू द्या. आणि सगळा भार एकट्या तांदळावर टाकू नका. त्यात आर्सेनिक इतर धान्यांहून जास्त उतरतं, म्हणून धान्यं आलटूनपालटून. पाकीट प्रवासासाठी, ऑफिसच्या पिशवीसाठी, कोणाच्या घरी जाताना, कंटाळा आलेल्या दिवसासाठी. असं ठेवलंत तर खर्चही आपोआप आटोक्यात येईल.

तुमच्या बायकोचं आणि मुलीचं मन मोठं आहे, पण इथे मला तुम्हाला थांबवायचंय. बायकोला काही तक्रार नसेल तर तिने हे खाण्यात वैद्यकीय फायदा नाही. स्वयंपाक एकच करायचा म्हणून घर ग्लूटेन-फ्री ठेवायचं असेल तर तो तुमचा दोघांचा निर्णय. मुलीची गोष्ट वेगळी. सीलिएक रक्ताच्या नात्यात चालतो. आईवडील, भावंडं, मुलं यांना तो असण्याची शक्यता इतरांपेक्षा बरीच जास्त असते, आणि लक्षणं नसतानाही असू शकतो. तिची रक्ततपासणी व्हायला हवी. पण ही तपासणी ग्लूटेनमुळे शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची असते. पोटात ग्लूटेनच जात नसेल तर प्रतिपिंडं कमी होत जातात, आणि आजार असूनही अहवाल स्वच्छ येऊ शकतो. म्हणून तिला आजपासून पुन्हा नेहमीचं जेवण सुरू करा, आणि किती आठवड्यांनी रक्त द्यायचं ते तिच्या डॉक्टरांना विचारा. गेले दोन महिने ती काय खातेय हे त्यांना आवर्जून सांगा. तुमची भावंडं असतील तर त्यांनाही कळवा. गहू बंद करण्याआधी तपासणी, हा क्रम कोणीही उलटा करू नये.

पाकिटं नव्हती तेव्हा माणसं काय करत होती, असा प्रश्न तुमच्यासारख्यांच्या मनात येतो. गहू दोषी आहे हे कळायलाच 20वं शतक निम्मं संपावं लागलं. नेदरलँड्समधले बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांना आधीपासून गव्हाचा संशय होता. 1944–45 च्या हिवाळ्यात, युद्धाच्या उपासमारीत तिथे ब्रेड मिळेनासा झाला, आणि त्यांच्या देखरेखीखालच्या सीलिएकच्या मुलांची तब्येत बिघडायची ती सुधारली. ब्रेड परत आला तशी ती मुलं पुन्हा आजारी पडली. 1950 साली त्यांनी यावर प्रबंध लिहिला. त्याआधीच्या मुलांना केळी आणि कसलेकसले आहार देऊन बघत, नेमकं काय टाळायचं ते कोणाला ठाऊक नव्हतं. तुम्हाला ते ठाऊक आहे, आणि ते पाकिटावर लिहून देणारे कायदेही आहेत. बेचव बिस्किटाला शिव्या घाला, तो तुमचा हक्क. फक्त हे लक्षात असू द्या.

शेवटी पुढच्या तपासणीचं. निदानानंतर साधारण सहा महिन्यांनी प्रतिपिंडांची पातळी पुन्हा बघतात. ती उतरायला हवी. मोठ्या माणसांचं आतडं पूर्ण भरून यायला वर्ष-दोन वर्षंही लागतात, त्यामुळे पहिल्याच अहवालात सगळं सरळ झालं नाही तर धीर सोडू नका. पण पातळी जागची हललीच नसेल, तर कुठून तरी ग्लूटेन येतंय असं समजून शोधायला लागायचं. त्या भेटीला जाताना घरात नियमित येणाऱ्या प्रत्येक पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो फोनमध्ये काढून न्या, औषधांच्या आणि व्हिटॅमिनच्या गोळ्यांचाही. कंपन्या घटक न सांगता बदलतात, तेव्हा फोटो जुन्या पाकिटाचा नको, त्या आठवड्यात आणलेल्याचा हवा.

तुमची ताई